पिचर दमलाय हे ओळखायचं कसं? बेसबॉल गेममध्ये नव्याने आलेल्यांसाठी

आऊट ऑफ द पार्क बेसबॉल हा टीमचा मॅनेजर बनून खेळायचा कॉम्प्युटर गेम घेतला तेव्हा पहिल्या सीझनमध्ये मी एकच काम मन लावून केलं, ते म्हणजे माझ्या सगळ्यात भारी पिचरची (बॉल टाकणाऱ्याची) वाट लावली. सहा इनिंगमध्ये एकही रन दिला नाही ना, मग राहू दे की त्यालाच, असं करत करत ११८ बॉल टाकून घेतले, आठव्या इनिंगला चार रन गेले आणि तीन आठवड्यांनी कोपर धरून साहेब इंजर्ड लिस्टवर, म्हणजे जखमींच्या यादीत.

चूक डोक्यातल्या क्रिकेटची होती. वनडेत फास्ट बॉलरला जास्तीत जास्त ६० बॉल, तेही सहा-सहा करून, मधे फाईन लेगला उभं राहून दम खाता येतो. इथे स्टार्टर पिचर, म्हणजे मॅच सुरू करणारा, ९०-१०० बॉल टाकतो, रनअप नाही, २५ सेंटीमीटर उंचीच्या मातीच्या ढिगावर उभं राहून १८.४४ मीटरवर बॉल फेकायचा. त्या झटक्यात खांदा सेकंदाला सुमारे ७००० अंश वेगाने फिरतो आणि कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट (हाडं जोडून धरणारा पट्टा) दर बॉलला जवळपास तुटायच्या बेतात ताणलं जातं. मग तुटत का नाही, तर हाताचे स्नायू निम्मा भार उचलतात म्हणून. स्नायू दमले की तो भार लिगामेंटवर, आणि ते काही स्नायूसारखं पटकन भरून येत नाही. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या दुसऱ्या हातातला टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) काढून कोपरात बसवला, तो गडी १९८९ पर्यंत खेळला, आणि त्या ऑपरेशनला आजही त्याचंच नाव आहे.

म्हणून गेममध्ये दोन थकवे वेगळे धरायचे. एक आजच्या मॅचमधला, तो स्टॅमिना रेटिंग आणि टाकलेल्या बॉलवरून कळतो. दुसरा मागच्या चार-पाच दिवसांचा, नवखे लोक तो बघतच नाहीत. स्टार्टर साधारण पाचव्या दिवशी उतरतो ते यासाठीच. रिलीव्हरचं (स्टार्टरच्या जागी मधेच येणाऱ्या पिचरचं) तर अजून फसवं, काल १५ परवा २० बॉल टाकलेला माणूस आज ताजा दिसतो पण नसतो.

तिसरी गोष्ट थकव्यासारखी दिसते पण थकवा नाही. तोच बॅटर तिसऱ्यांदा समोर आला की जास्त मारतो, कारण आता त्याने या पिचरचे बॉल बघितलेले असतात. २०२० च्या वर्ल्ड सिरीजची (अमेरिकेच्या बेसबॉल लीगची फायनल) सहावी मॅच बघा, डॉजर्सविरुद्ध टॅम्पा बे १-० ने पुढे, त्यांचा स्टार्टर ब्लेक स्नेलचे फक्त ७३ बॉल झालेले, ९ स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), आणि डॉजर्सचे वरचे बॅटर तिसऱ्यांदा येणार म्हणून मॅनेजर केविन कॅशने त्याला काढलं. आणलं कोणाला? निक अँडरसनला, ज्याने आधीच्या सलग सहा वेळा रन दिले होते. डॉजर्सच्या मुकी बेट्सने लगेच डबल मारला (एका फटक्यात दुसऱ्या बेसपर्यंत), डॉजर्स ३-१ ने जिंकले आणि कप घेऊन गेले. सगळे स्नेलला का काढलं यावर भांडतात, मला तर वाटतं खरा प्रश्न अँडरसनला का आणलं हा होता.

बरं, किती बॉल म्हणजे जास्त? १९९८ मध्ये रॅनी जझायर्ली या लेखकाने (पेशाने स्किनचा डॉक्टर!) पिचरच्या छळाचे पॉइंट मोजायची पद्धत काढली, पुढे तिचं सूत्र असं झालं की १०० च्या वरचे जेवढे बॉल त्यांचा घन करायचा. ११० टाकले तर १०००, १२० टाकले तर ८०००. दहाच बॉल जास्त आणि छळ आठपट! सूत्रावर वाद बरेच झाले, पण शेवटचे बॉल पहिल्या बॉलपेक्षा महाग असतात हे डोक्यात बसायला ते झकास आहे. या हिशोबाने माझे ११८ म्हणजे ५८३२, नंतर मोजले तेव्हा कसंतरीच झालं.

आता मी ८५ बॉल झाले की बुलपेनमध्ये (रिलीव्हर बसतात ती जागा) एकाला वॉर्मअप करायला लावतो, रन गेलेत का नाही ते बघतच नाही. कोण ते ठरवायला आधी मागच्या तीन दिवसांचे बॉल बघतो आणि मगच रेटिंग. एक्स्ट्रा इनिंगसाठी (नऊ इनिंगनंतरही बरोबरी असेल तर) एक लांब टिकणारा रिलीव्हर बाजूला ठेवायचा, नाहीतर बाराव्या इनिंगला कॅचरला (आपल्या विकेटकीपरसारखा) पिचिंग करायला उभं करावं लागतं, आणि हो, तेही करून झालंय माझं.