‘लग जा गले’ आणि पुन्हा गाण्याचा इतिहास

एखाद्या नव्या आवाजातले ‘लग जा गले’ ऐकून डोळे पाणावले, तरी “पण लताबाईंची सर नाही” हे वाक्य आपण लगेच जोडतोच. जुने गाणे पुन्हा गाणाऱ्याकडे असे संशयाने पाहण्याची ही सवय बऱ्याच अंशी कॅसेटच्या काळात लागली.

राज खोसला यांच्या ‘वह कौन थी?’ (१९६४) या रहस्यपटासाठी राजा मेहदी अली खान यांनी हे गाणे लिहिले आणि मदन मोहन यांनी त्याला पहाडी रागाच्या छायेतली चाल दिली. खोसला यांना ती चाल आधी पसंत पडली नव्हती आणि मनोज कुमार यांच्या आग्रहामुळे ती चित्रपटात राहिली, असे सांगितले जाते. रात, मुलाकात, बात, बरसात असे काफिये, म्हणजे यमकाचे शब्द, आणि त्या प्रत्येकामागे ‘हो न हो’ हा रदीफ, म्हणजे दर वेळी तसाच येणारा शेवट, अशी गाण्याची गझलेच्या वळणाची बांधणी आहे. लताबाई हा रदीफ ठासून म्हणत नाहीत, हलकेच सोडून देतात. त्यामुळे पुन्हा भेट होईल की नाही ही शंका शब्दांइतकीच स्वरातही उरते. चित्रपटातले रहस्य लोक केव्हाच विसरले, गाणे मात्र निखळ प्रेमगीत म्हणून राहिले.

ही चाल दुसऱ्या गळ्यात जायला फार काळ लागला नाही. याच कथेवरच्या ‘यार नी?’ या तमिळ चित्रपटात १९६६ साली पी. सुशीला यांनी ती तमिळ शब्दांत गायली. तिला नक्कल म्हणावे असे मला वाटत नाही, कारण भाषा बदलली की उच्चार बदलतात आणि उच्चारांबरोबर स्वरांचे वजनही बदलते.

खरी नक्कल आली ती कॅसेटबरोबर. जुन्या गाण्यांच्या मूळ ध्वनिमुद्रणांचे हक्क प्रामुख्याने एचएमव्ही या ध्वनिमुद्रिका कंपनीकडे होते. गीत आणि चाल नव्याने ध्वनिमुद्रित करण्याची कायद्यातली सवलत वापरून टी-सीरिज या कॅसेट कंपनीने तीच गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतली व स्वस्तात विकली. किशोरकुमारांसाठी कुमार सानू, रफींसाठी सोनू निगम, लताबाईंसाठी अनुराधा पौडवाल अशी जणू वाटणीच झाली. गायक गुणी असले तरी मागणी हुबेहूबपणाची होती, आणि अशा पुन्हा गायलेल्या गाण्यासाठीचा ‘व्हर्जन’ हा शब्द बदनाम झाला तो तिथे.

२०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात अशा पुनर्ध्वनिमुद्रणाच्या अटी घालणारे ३१सी हे कलम आले. मूळ ध्वनिमुद्रणानंतर पूर्वी दोन कॅलेंडर वर्षे थांबावे लागे, आता पाच. वर्षाला किमान ५०,००० प्रतींचे मानधन आगाऊ भरायचे. वेष्टनावर मूळ गायकाचे नाव किंवा छायाचित्र वापरायचे नाही आणि ही पुनर्निर्मिती आहे हे स्पष्ट छापायचे. शिवाय तांत्रिक गरजेपलीकडे गीतात वा चालीत परस्पर बदल करायचा नाही.

हा शेवटचा नियम मला मोठा गमतीचा वाटतो, कारण रसिक दाद देतात ती चाल न मोडता बदललेल्या गोष्टींनाच. भोवतीचा वाद्यमेळ काढून एका गिटारीवर, लय जराशी उतरवून कोणी हे गाणे म्हणतो तेव्हा अंतऱ्यापूर्वीची शांतता त्याची स्वतःची असते. लताबाईंची मुरकी, म्हणजे स्वरांची छोटी झटपट वळणे, हुबेहूब उचलणाऱ्याला आपण शाबासकी देतो. शेवटच्या ‘हो न हो’पाशी ज्याचा श्वास किंचित अडखळतो, त्याचे गाणे मात्र संपल्याबरोबर पुन्हा लावतो.