पांढऱ्या रश्शातलं तांबं आणि मेंदूची गाठ

पांढऱ्या रश्शाच्या वाटणात पडणारे तीळ चमचाभर, म्हणजे दहा ग्रॅम धरा. त्यात तांबं सुमारे ०.४ मिलिग्रॅम. वर दहा काजू पडले की आणखी ०.३. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगात तांबं कमी करून पाहण्याचा प्रयोग झाला, त्यातल्या पथ्यात अख्ख्या दिवसाची मर्यादा ०.५ मिलिग्रॅम होती. निरोगी माणसाला रोज ०.९ मिलिग्रॅम लागतं.

गाठ एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठी व्हायची तर तिला नव्या रक्तवाहिन्या लागतात आणि त्या तयार व्हायला तांबं लागतं. १९९०च्या सुमारास सशांमध्ये तांबं कमी केल्यावर मेंदूतल्या गाठीची वाढ आणि भोवतालची सूज कमी झाली. मग माणसांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००५ साली आले: ४० रुग्ण, रेडिएशन, पथ्य आणि तांबं लघवीवाटे बाहेर काढणारं पेनिसिलामाइन. रक्तातलं तांबं डेसिलिटरमागे १३० मायक्रोग्रॅमवरून दोन महिन्यांत ४२वर आलं. तांबं उतरलं, आयुष्य मात्र वाढलं नाही. मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण याहून कमी जगले, निम्मे जास्त) ११.३ महिने राहिलं.

ही गाठ फक्त नव्या वाहिन्यांवर जगत नाही. तिच्या पेशी आधीच्याच रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने मेंदूत शिरत जातात. पुढे उलटा प्रयोगही झाला, दारू सोडवायचं डायसल्फिराम आणि सोबत तांबं देऊन. २०२३ला प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीतही फायदा दिसला नाही. म्हणून ऑपरेशन, रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाच्या जागी हे पथ्य धरायचं नाही. घरच्या घरी तर नाहीच.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचंच ठरलं, तर मटणाला फार घाबरू नका. नुसत्या मटणात तांबं थोडंच असतं. काळीज मात्र पूर्ण बंद, कारण त्यात ते शंभर ग्रॅमला पाच मिलिग्रॅमच्याही वर जातं. तीळ, काजू, शेंगदाणे, मटकी, डाळी, मशरूम, चॉकलेट यांनाही फाटा. कांदा-लसूण मसाल्यातही तीळ आणि सुकं खोबरं असतं, हे हमखास विसरलं जातं. ज्वारीच्या दोन भाकऱ्यांतच निम्म्याहून जास्त कोटा संपतो. भाताला कमी लागतो. दुधात तांबं नगण्य. पण कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध या रुग्णाला नको, उकळूनच द्या, कारण टेमोझोलोमाइडने रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात आणि जंतुसंसर्ग लवकर होतो. तांब्याच्या हंड्यातलं पाणी बंद. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक किंवा आमटी ठेवू नका, आंबटाने तांबं सुटतं.

पेनिसिलामाइन रिकाम्या पोटी, जेवणाआधी तासभर किंवा नंतर दोन तासांनी घेतात. दूध, लोह, अँटासिड सोबत नको. त्याने बी६ जीवनसत्त्व कमी पडतं, म्हणून डॉक्टर त्याची गोळी जोडून देतात. पुरळ, ताप, लघवीतून प्रथिनं जाणं, प्लेटलेट घसरणं हे दुष्परिणाम असल्याने रक्त-लघवीची तपासणी नियमित लागते.

गोंधळ होतो तो इथे. तांबं फार खाली गेलं तरी हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी घटतात, आणि टेमोझोलोमाइडनेही तेच होतं. मग कशामुळे काय झालं ते कळत नाही आणि मुख्य औषधाचाच डोस पुढे ढकलावा लागतो. पायांना मुंग्या येऊन तोल जाऊ लागला, तर ते गाठीमुळेच असेल असं समजू नका. तांब्याच्या कमतरतेने मज्जारज्जूलाही इजा होते. अशा वेळी रक्तातलं तांबं आणि सेरुलोप्लाझमिन (तांबं वाहून नेणारं रक्तातलं प्रथिन) त्याच दिवशी तपासून घ्या. कुणी जस्ताच्या गोळ्या चालू केल्या असतील तर तेही सांगा, जस्त आतड्यातच तांब्याला अडवतं.