दाण्यांवर पाखरं, पाखरांवर कूपर्स हॉक

अमेरिकेत थंडी पडली की घरोघरी परसात बर्ड फीडर टांगले जातात. सूर्यफुलाच्या बियांवर पाखरांची झुंबड उडते. मध्येच चिकडी पक्षी अतिशय बारीक, उंच पट्टीतली ‘सीट’ अशी शीळ घालतो: शिकारी पक्षी उडत आल्याची वर्दी. कुणी झुडपात घुसतं, कुणी असेल तिथेच थिजतं. छोटा डाउनी सुतारपक्षी तर खोडाला चिकटून बराच वेळ हलतसुद्धा नाही.

येणारा बऱ्याचदा कूपर्स हॉक असतो. आपल्या शिक्र्याचा थोराड भाऊबंदच म्हणा ना! आखूड, गोलसर पंख आणि लांब शेपूट. लांबवर पाठलाग करण्यापेक्षा आडोशाने येऊन झडप घालणं याला जमतं. कुंपणाच्या कडेने जमिनीलगत येतो आणि शेवटच्या क्षणी उसळतो. हे सगळं फांद्यांच्या गर्दीत, भरवेगात. कूपर्स हॉकचे तीनशेहून अधिक सांगाडे तपासले, तेव्हा २३ टक्क्यांत छातीची हाडं मोडून पुन्हा जुळल्याच्या खुणा सापडल्या. नेमका हाच पक्षी शहरांत वाढतोय. शिकागो परिसरात १९९० च्या दशकात नोंदी ठेवल्या जाणाऱ्या सुमारे २६ टक्के फीडरवर तो किंवा त्याचा लहान भाऊ शार्प-शिन्ड हॉक दिसे. दोन दशकांत हे प्रमाण ६७ टक्क्यांच्या आसपास गेलं.

शहरात आडोसा कसला? न्यू जर्सीत वेस्ट ऑरेंज इथल्या एका कोवळ्या हॉकने मोटारींचाच आडोसा केला. एक कुटुंब रात्री अंगणात जेवायचं, सकाळी सांडलेल्या कणांवर चिमण्या, होले, स्टार्लिंग जमायचे. जवळच्या सिग्नलवर पादचाऱ्याने बटण दाबलं की आवाज सुरू व्हायचा आणि लाल दिवा ३० ऐवजी ९० सेकंद राहायचा. मग मोटारींची रांग पार एका दाट झाडापर्यंत पोचायची. व्लादिमीर डिनेट्स या प्राणिशास्त्रज्ञांनी पाहिलं, की आवाज सुरू होताच, रांग लागायच्या आधीच, हॉक त्या झाडात येऊन बसतो. रांग पुरती लांबली की तिच्या आडून खालून उडत जातो आणि थेट अंगणात. त्यांचा हा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. आवाज आणि रांग यांची सांगड त्याने घातली होती, असंच म्हणावं लागतं. पुढे सिग्नलचा आवाज बंद पडला, ते कुटुंबही दुसरीकडे राहायला गेलं आणि हॉक तिथे दिसेनासा झाला.

परसात हॉकने ठाण मांडलं तर फीडरवाल्यांना सल्लाही तोच मिळतो: काही दिवस दाणे बंद ठेवा. पाखरं पांगली की तोही दुसरं अंगण शोधतो.