बस ‘रिकॉल’ होते म्हणजे काय? खान्देशातील शहर बसच्या निमित्ताने

केंद्राने 16 ऑगस्ट 2023 रोजी मंजूर केलेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत जळगावचे नाव आल्यापासून खान्देशात शहर बसविषयी बरेच बोलले जात आहे. विजेच्या दोषामुळे अशा बस उत्पादकाकडे परत बोलवाव्या लागल्या, म्हणजेच त्यांचा ‘रिकॉल’ झाला, तर त्या कोण बोलावणार, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत क्वचितच येतो.

पूर्वी असा दोष आगारातच जिरत असे. चासीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) धारेवर घासून वायरचे आवरण सोलले की काळी टेप गुंडाळली जाई, फ्यूज वारंवार उडू लागला की त्याच्या जागी जाड तार बसे, आणि गाडी पुन्हा फेरीला लागे. (उडणे हेच फ्यूजचे काम असते, याचा त्या घाईत विसर पडे.) सैल जोड विजेच्या प्रवाहाने तापतो, आणि भुसावळ-जळगाव पट्ट्यातला मे महिना त्याला निवू देत नाही. परंतु वायरिंगचा मार्गच कारखान्यात चुकीचा आखला गेला असेल, तर ती चूक त्या मॉडेलच्या प्रत्येक बसमध्ये असते आणि तिथे टेप कामाची नाही.

त्यासाठी वाहन उद्योगाने 2012 मध्ये रिकॉलची आचारसंहिता स्वीकारली, पण ती ऐच्छिक होती. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110-अ आले आणि 1 एप्रिल 2021 पासून नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतील वाहनांत सुरक्षेला बाधक दोष आढळल्यास सरकार उत्पादकाला ती परत घेण्याचा आदेश देऊ शकते; दंड 10 लाखांपासून 1 कोटी रुपयांपर्यंत आहे. असा आदेश निघण्यासाठी बस आणि ट्रकबाबत तक्रारींची मर्यादा वार्षिक विक्रीच्या 3 टक्के ठेवली आहे.

प्रत्यक्षात परिवहन संस्था या आकड्याची वाट पाहत नाहीत. पॅरिसमध्ये एप्रिल 2022 मध्ये दोन विजेच्या बस पेटताच 149 बस थांबवल्या गेल्या; मुंबईत फेब्रुवारी 2023 मध्ये, महिनाभरातील तिसऱ्या आगीनंतर, बेस्टने भाडेतत्त्वावरील 400 सीएनजी बस रस्त्यावरून काढल्या. तो रिकॉल नव्हता, सावधगिरी होती.

जळगावसारख्या शहरात खरी गुंतागुंत मालकीची आहे. योजनेनुसार बस ठेकेदाराची असते आणि त्याला पैसे धावलेल्या किलोमीटरवर मिळतात. तक्रार करायची ती वाहनमालकाने, म्हणजे ठेकेदारानेच. आणि तपासणीसाठी उभी राहिलेली बस किलोमीटर भरत नाही.