टॉपरॉक की अपरॉक? नाचणाऱ्याची नजर बघा

ब्रेकिंग, म्हणजे ब्रेकडान्स म्हटलं की डोक्यावर गरगर फिरणारा माणूसच आठवतो. पण जमिनीवर जाण्याआधी तो उभ्याउभ्या जे नाचतो, त्याला काय म्हणायचं? कोणी टॉपरॉक म्हणतं, कोणी अपरॉक. बरेच जण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात, आणि मीही वापरायचो. एकदा सरावात 'आता अपरॉक' असा पुकारा झाला. मी मान खाली घालून नेहमीची पावलं टाकत राहिलो. वर बघितलं तेव्हा समोरचा मुलगा मला हवेतल्या हवेत बाण मारून मोकळाही झाला होता.

टॉपरॉक हा ब्रॉन्क्सचा. न्यूयॉर्कच्या या भागात 11 ऑगस्ट 1973 रोजी, सेजविक अव्हेन्यूवरच्या 1520 क्रमांकाच्या इमारतीत, डीजे कूल हर्कने वाजवलेली पार्टी हिपहॉपचा आरंभबिंदू मानली जाते. गाण्यात गायक गप्प होतो आणि नुसता ताल उरतो, तो तुकडा म्हणजे ब्रेक. हर्क तो लांबवायचा आणि त्यावर नाचणारे ते बी-बॉय, बी-गर्ल. रिंगणात उतरायचं, उभ्याने ताल पकडायचा, मग हात टेकून खाली जायचं, हा क्रम पुढे पक्का झाला. त्यातला उभ्याचा भाग म्हणजे टॉपरॉक. त्याला फुटवर्क म्हणू नका. ब्रेकिंगमध्ये फुटवर्क म्हणजे हात जमिनीला टेकवून पायांनी केलेलं काम, सिक्स-स्टेप (सहा पावलांचा फेरा) वगैरे.

टॉपरॉकचं सगळ्यात ओळखीचं पाऊल म्हणजे इंडियन स्टेप. यातला 'इंडियन' म्हणजे आपण नव्हे, अमेरिकेतले मूळ रहिवासी. त्यामुळे हल्ली अनेक जण फ्रंट स्टेप किंवा क्रॉस स्टेप म्हणणं पसंत करतात. उजवा पाय डाव्याच्या पुढून तिरका टाकायचा, त्याच क्षणी हात बाजूला उघडायचे. पाय मागे घेताना हात छातीशी मिटायचे. मग हेच डाव्या पायाने. दहा मिनिटांत जमतं आणि दहा वर्षं सुधारत राहतं.

अपरॉकचा पत्ता वेगळा: न्यूयॉर्कचाच दुसरा भाग, ब्रुकलिन. तिथे त्याला नुसतं रॉकिंग किंवा रॉक डान्सही म्हणतात, आणि त्याची मुळं 1960 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत मागे जातात. म्हणजे हा ब्रेकिंगचा एक तुकडा नाही, स्वतंत्र नाच आहे. यात जमिनीवर जाऊन फिरणं नाही. दोघं समोरासमोर उभे राहतात, कधी दोन रांगा एकमेकींसमोर, आणि दोघं एकाच वेळी नाचतात. ब्रेकिंगच्या लढतीत पाळी असते: मी नाचेन, तू बघ, मग तू नाच. रॉकिंगमध्ये थांबून बघायची सोयच नाही. शिवाय रॉकर फक्त ब्रेकवर नाही, गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत नाचतो.

त्याची दोन हत्यारं, जर्क आणि बर्न. जर्क म्हणजे ठोक्यावर अंग झटकत खाली दबून पुन्हा उसळणं. बर्न म्हणजे समोरच्याची खोड काढणारी मूकनाट्याची हालचाल. धनुष्य ताणायचं, तलवार उपसायची, त्याचं काळीज काढून पायाखाली तुडवायचं. अंगाला हात मात्र लावायचा नाही. चांगला बर्न तालात बसतो. नुसते हातवारे म्हणजे रस्त्यावरचं भांडण.

मग घोळ कशामुळे? एक तर दोन्ही उभ्याने, दोन्ही एकाच शहरातले. शिवाय ब्रेकर्सनी रॉकिंगमधून पावलं आणि बर्नची खोड उचलली. टॉपरॉकच्या नेहमीच्या पावलांमध्ये आजही एकाचं नाव ब्रुकलिन स्टेप आहे. पुढे ब्रेकिंग जगभर गेलं, रॉकिंग तुलनेने घरातच राहिलं, आणि अपरॉक हा शब्द सरसकट उभ्या नाचाला चिकटला. मला हे खटकतं, कारण त्यात एका अख्ख्या नाचाचं नुसतं प्रास्ताविक होऊन जातं.

ओळखायचं असेल तर पाय नंतर बघा, आधी नजर बघा. टॉपरॉक करणारा संगीताशी आणि रिंगणाशी बोलत असतो. तो जागा मोजतो, कुठे खाली जायचं ते ठरवतो, आणि समोर कोणी नसलं तरी त्याचं काही अडत नाही. अपरॉकला समोर माणूस लागतो. तो काढून घेतला की बाण मारायचा कोणाला?

म्हणूनच दोन्हींत 'स्टाइल' वेगळ्या जागी सापडते. टॉपरॉकची पावलं मोजकी आणि सगळ्यांना तीच, त्यामुळे स्वतःचं जे काही असेल ते दोन पावलांच्या मधल्या फटीत. तोच क्रॉस स्टेप एक जण अख्खा तळवा टेकवून, ठोक्याच्या किंचित मागे राहून टाकतो, आणि चाल जड, बेफिकीर वाटते. दुसरी चवड्यावर राहते, खांदा पायाच्या आधी पुढे काढते, आणि तेच पाऊल चिमटा काढल्यासारखं दिसतं. हे शिकवून येत नाही, आणि दुसऱ्याचं उचललं तर बायटिंगचा शिक्का बसतो. पॅरिसच्या 2024 च्या ऑलिंपिकमधल्या ब्रेकिंगमध्ये तंत्र, शब्दसंपदा (म्हणजे हालचालींची विविधता), सफाई, संगीताची जाण आणि वेगळेपणा या पाच निकषांना प्रत्येकी 20 टक्के वजन होतं. अंगभूत ढंगाला असे गुण देता येतात का, यावर वाद घालायला मी कधीही तयार आहे. अपरॉकमध्ये मात्र ढंग म्हणजे हजरजबाबीपणा. पाठ केलेले दहा बर्न असून उपयोग नाही. समोरच्याने आत्ता काय केलं, त्याला आत्ताच काय उत्तर, एवढंच मोजलं जातं.

बाण मारणारा तो मुलगा काही आठवड्यांनी पुन्हा समोर आला. या वेळी मी मान वर ठेवली. त्याने धनुष्य ताणलं, मी बाण हवेत झेलला आणि गुडघ्यावर ठेवून मोडला. मोडणं स्नेअरवर, म्हणजे ड्रमच्या कडक ठोक्यावर पडायला हवं होतं, ते अर्धा ठोका उशिरा पडलं. त्याने तेवढ्यात दुसरा बाण काढला.