स्ट्रेंज सिच्युएशन (बालविकासातली निरीक्षणपद्धत)

साधारण एक ते दीड वर्षाच्या बाळाचं आईशी (किंवा त्याला रोज सांभाळणाऱ्या माणसाशी) जुळलेलं नातं कसं आहे, बाळाला त्या माणसाचा आधार वाटतो की नाही, हे प्रयोगशाळेतल्या वीसेक मिनिटांत बघायची पद्धत. अमेरिकेत जन्मलेल्या आणि कॅनडात शिकलेल्या मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ (१९१३–१९९९) यांनी १९६०च्या दशकात बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बार्बरा विटिग यांच्यासोबत ती बसवली. पहिलं सविस्तर वर्णन १९६९चं, कोष्टकं आणि गुणांकनासकट पूर्ण मांडणी १९७८ची. अटॅचमेंट थिअरी (बाळ आणि सांभाळणारं माणूस यांच्यातल्या जवळिकीचा सिद्धांत) म्हणून जे काही आज शिकवलं जातं त्यातला प्रत्यक्ष मोजमापाचा मोठा भाग या एका पद्धतीवर उभा आहे, म्हणून तिच्या मर्यादाही नीट माहीत असायला हव्यात.

पद्धतीचं मूळ नक्की कुठलं यावर एकमत नाही. नेहमीची मांडणी अशी की लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधले मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी हा सिद्धांत दिला आणि एन्सवर्थ यांनी तो तपासायला प्रयोग दिला. १९५० साली नवऱ्याच्या शिक्षणासाठी त्या लंडनला आल्या, पेपरातली जाहिरात बघून बोल्बींच्या संशोधन गटात लागल्या, हे खरं आहे. पण आई म्हणजे जिथून निघून बाळ आजूबाजूचं जग धुंडाळतं आणि घाबरलं की परत येतं असा तळ, ही कल्पना त्यांच्याकडे त्याआधीच होती. टोरोंटो विद्यापीठात विल्यम ब्लॅट्झ हे सुरक्षिततेचा सिद्धांत शिकवायचे, आणि एन्सवर्थ यांचा (तेव्हाच्या मेरी सॉल्टर) १९३९चा डॉक्टरेटचा प्रबंध त्यावरच आहे, त्यात घरच्यांवर विसंबून मिळणारी सुरक्षितता हाच पुढे स्वतंत्र व्हायचा पाया असतो असं स्पष्ट लिहिलंय. ब्लॅट्झ यांनी या सिद्धांतावर स्वतः छापील फार कमी लिहिलं, त्यांचं मुख्य पुस्तक १९६६ला आलं, त्यामुळे श्रेयाच्या यादीत ते मागे पडले.

दुसरा धागा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांच्या माकडांचा. १९५८च्या त्यांच्या व्याख्यानात अनोळखी खोलीत सोडलेल्या माकडाच्या पिल्लांचं वर्णन आहे. कापड गुंडाळलेली खोटी 'आई' खोलीत असेल तर पिल्लू आधी तिला जाऊन चिकटतं आणि जरा वेळाने धीर करून वस्तू हाताळायला निघतं, ती नसेल तर कोपऱ्यात अंग चोरून बसतं. नवी खोली, आई आहे किंवा नाही, आणि पिल्लू काय करतं, हा सगळा आराखडा तिथे दिसतोच. त्याच्याही आधी १९४३ला जीन आर्सेनियन यांनी लहान मुलांना परक्या खोलीत आईसोबत आणि आईशिवाय ठेवून फरक नोंदवला होता. म्हणजे 'परकी खोली' ही युक्ती एन्सवर्थ यांची एकटीची नाही असं म्हणायला जागा आहे. पण आई परत आल्यावर बाळ काय करतं यावर सगळा भर देणं हे मात्र त्यांचंच, आणि पद्धतीचा जीव तिथेच आहे, त्यामुळे त्यांना जनक मानणंच जास्त योग्य वाटतं.

तिसरा धागा युगांडाचा, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा. १९५४–५५ मध्ये कंपालाजवळच्या गांडा लोकांच्या गावांत त्यांनी २६ आया आणि त्यांची २८ बाळं यांचं घरी जाऊन निरीक्षण केलं. सुरुवातीचा हेतू दूध तोडण्याचा परिणाम बघणं हा होता, पण हळूहळू लक्ष गेलं ते बाळ आईपासून लांब रांगत जाणं, वळून बघणं, आई उठली की रडत मागे जाणं याकडे. काही बाळं आधार वाटणारी, काही सतत रडवेली, आणि काहींची अजून कुणाशी जवळीकच जमलेली नाही, असे तीन गट त्यांनी तेव्हाच पाडले होते. या अभ्यासाचं पुस्तक यायला १९६७ उजाडलं.

बाल्टिमोरला १९६३पासून २६ कुटुंबांत असंच निरीक्षण सुरू झालं. बाळ तीन आठवड्यांचं असल्यापासून ५४ आठवड्यांपर्यंत दर तीन आठवड्यांनी चार-चार तासांची भेट, म्हणजे एकेका घरात सत्तरेक तास. अडचण अशी आली की गांडा बाळं आई नुसती खोलीबाहेर गेली तरी रडायची, पण अमेरिकन बाळांना आई घरात ये-जा करते याची इतकी सवय की घरी त्यांचं काही बिनसायचंच नाही. म्हणून त्यांना थोडी धास्ती वाटेल अशी जागा तयार करावी लागली. म्हणजे ज्या वर्तनासाठी युगांडात काहीच करावं लागलं नाही ते बाल्टिमोरमध्ये बघायला प्रयोगशाळा लागली, हा मुद्दा पुढे देशोदेशींची तुलना करताना बऱ्याच जणांच्या ध्यानात राहिला नाही.

प्रत्यक्ष पद्धत आठ टप्प्यांची. पहिला ३० सेकंदांचा, बाकीचे साधारण तीन-तीन मिनिटांचे, बाळ फारच रडायला लागलं तर टप्पा लगेच आवरता घेतात. खोलीत दोन खुर्च्या आणि खेळणी, भिंतीत एकतर्फी आरसा, त्यामागे निरीक्षक. आधी आई आणि बाळ आत येतात, बाळ खेळतं. मग एक अनोळखी बाई येते, मिनिटभर गप्प बसते, मिनिटभर आईशी बोलते, नंतर बाळाजवळ जाते. आई गुपचूप बाहेर पडते. बाळ त्या बाईसोबत राहतं. आई परत येते, बाई निघून जाते, ही पहिली परतभेट. मग आई टाटा करून पुन्हा जाते आणि या वेळी बाळ खोलीत एकटंच असतं, त्यानंतर आधी ती अनोळखी बाई येते आणि शेवटी आई, ही दुसरी परतभेट.

बाळ किती रडलं यावर निकाल लागत नाही, हे ठळकपणे सांगायला हवं कारण गैरसमज इथेच होतो. गुण दिले जातात ते मुख्यतः दोन्ही परतभेटींत, चार गोष्टींना, प्रत्येकी सात अंकांच्या मोजपट्टीवर: जवळ जायची धडपड, बिलगून राहणं, टाळणं, आणि चिडून विरोध करणं. त्यावरून ए, बी, सी असे गट पडतात, त्यांचेही उपगट आहेत. सुरुवातीला मुद्दामच नुसती अक्षरं ठेवली होती, म्हणजे नावातूनच निवाडा व्हायला नको. बी म्हणजे आश्वस्त बाळ, आई आल्यावर तिच्याकडे जातं, रडत असेल तर कडेवर घेतल्यावर शांत होतं आणि परत खेळायला लागतं. ए टाळणारं, आई आली तरी तोंड फिरवतं, खेळण्यात गुंतल्यासारखं दिसतं. सी बाळ हात पसरून कडेवर येतं आणि कडेवर आल्यावर लाथा मारतं, समजूत निघतच नाही. घरी निरीक्षण झालेल्यांपैकी २३ बाळं या प्रयोगातून गेली, त्यात १३ बी, ६ ए आणि ४ सी होती. १९७८च्या मांडणीत एकूण १०६ बाळांची नोंद आहे, त्यातली सुमारे दोन तृतीयांश बी.

ए गटातलं बाळ शांत, 'शहाणं' दिसतं, त्यामुळे ते खरंच निवांत आहे का हा प्रश्न बराच काळ चघळला गेला. १९७७ला स्रूफ आणि वॉटर्स यांनी दाखवलं की अशा बाळांच्या हृदयाचे ठोके आई गेल्यावर वाढलेले असतात, चेहऱ्यावर काही दिसत नसलं तरी. १९९३ला श्पांगलर आणि ग्रोसमान यांनी लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणात वाढणारं संप्रेरक) मोजून साधारण त्याच दिशेचे निष्कर्ष दिले.

चौथा गट, डी, नंतरचा. कॅलिफोर्नियात बर्कलीला मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी कुठल्याच गटात न बसणाऱ्या बाळांच्या २०० व्हिडिओ टेप परत बघितल्या आणि १९८६ व १९९०च्या लेखांत विस्कळीत वर्तनाचा हा गट मांडला. आईकडे जाता जाता मध्येच गोठून उभं राहणं, पाठ करून तिच्याकडे सरकणं, चेहऱ्यावर भीती, अशी ती लक्षणं. बाळाला ज्या माणसाचीच भीती वाटते त्याच्याकडेच आधारासाठी जावं लागतं, असं मेन आणि एरिक हेस यांचं स्पष्टीकरण, ते पटण्यासारखं असलं तरी प्रत्येक डी बाळाला लागू होतं असं समजू नये.

देशोदेशींच्या आकड्यांवर खूप लिहिलं गेलंय. उत्तर जर्मनीत बीलेफेल्टला ग्रोसमान दांपत्याला निम्म्याच्या आसपास बाळं ए गटात मिळाली, तर जपानात साप्पोरोला ताकाहाशी यांना ६० बाळांत एकही ए नाही आणि जवळपास एक तृतीयांश सी (अहवाल १९८६). साप्पोरोतल्या बाळांना एकटं राहायची सवयच नव्हती, त्यामुळे एकटं सोडायचा टप्पा त्यांना फार जड गेला हे ताकाहाशींनीच दाखवून दिलं. आणि 'जपानी बाळं अशी असतात' हेही म्हणता येत नाही, कारण टोकियोच्या एका अभ्यासातलं प्रमाण अमेरिकेसारखंच निघालं होतं. व्हान आयझेनडोर्न आणि क्रोनेनबर्ग यांनी १९८८ला ८ देशांतले ३२ अभ्यास एकत्र केले तेव्हा एकाच देशाच्या आतला फरक देशादेशांमधल्या फरकाच्या दीडपट भरला. मात्र त्या ३२ पैकी निम्म्याहून जास्त अभ्यास अमेरिकेचे होते, चीनचा एक, भारताचा एकही नाही. २०२३च्या मॅडिगन आणि सहकाऱ्यांच्या अनेक अभ्यासांच्या मोठ्या संकलनात बाळ आणि सांभाळणारं माणूस अशा २०,७२० जोड्या आहेत, त्यात बी ५१.६ टक्के, ए १४.७, सी १०.२ आणि डी २३.५.

आजी, काकू, मोठी बहीण, पाळणाघरातल्या ताई अशा चार हातांत वाढणाऱ्या बाळाचं काय, हा आपल्याकडच्या वाचकाचा पहिला प्रश्न असणार. मेन आणि वेस्टन यांनी १९८१लाच दाखवलंय की एकच बाळ आईसोबत एका गटात आणि बाबांसोबत दुसऱ्या गटात जाऊ शकतं, म्हणजे गट हा नात्याचा असतो, बाळाचा नाही. जन्मजात स्वभावामुळेच सगळं घडतं या मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांच्या आक्षेपालाही यातून बऱ्यापैकी उत्तर मिळतं. इस्रायलच्या किबुत्झमधल्या (सामूहिक वस्त्यांमधल्या) १९९४च्या अभ्यासात रात्री सामूहिक शयनगृहात झोपणाऱ्या बाळांपैकी ४८ टक्के आणि घरी झोपणाऱ्यांपैकी ८० टक्के आईबाबत आश्वस्त आढळली. त्याचा अर्थ अनेकांनी सांभाळणंच वाईट असा काढू नये, दिवसाची व्यवस्था दोन्हीकडे सारखीच होती, फरक रात्री कुशीत कोण आहे याचा होता.

आईची संवेदनशीलता, म्हणजे बाळाच्या खुणा ओळखून वेळेवर प्रतिसाद देणं, आणि गट यांचा संबंध बाल्टिमोरमध्ये फार घट्ट दिसला होता. नंतर ६६ अभ्यासांच्या १९९७च्या संकलनात सहसंबंध (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.२४ इतकाच उरला, खरा पण मध्यम. याचं एक कारण मला साधं वाटतं: सत्तर तास घरी बसून बघणं नंतर जवळपास कुणीच केलं नाही, तासाभराच्या पाहणीवर काम भागवलं गेलं. शिवाय फ्रेली आणि स्पायकर यांनी २००३ला दाखवलं की बाळं मुळात वेगवेगळ्या कप्प्यांत पडतच नाहीत, फरक कमी-जास्त प्रमाणाचा आहे.

सर्वात काळजीची गोष्ट म्हणजे या गटांचा एकेका मुलावर शिक्का म्हणून होणारा वापर. ही संशोधनाची पद्धत आहे, गटागटांची सरासरी बघायला बनवलेली, आणि बी नसलेलं बाळ म्हणजे आजारी बाळ असं तिच्यात कुठेही म्हटलेलं नाही. डी वर्तन दिसलं म्हणून घरी छळ होतो असा निष्कर्ष काढून मुलाचा ताबा ठरवू नये असं या क्षेत्रातल्याच बऱ्याच संशोधकांनी २०१७ला एकत्र लेख लिहून बजावलं, मेन आणि सॉलोमनही त्यात आहेत. समुपदेशनात 'तुमचं मूल ए टाइप आहे' असं आईला सांगणं तर अजिबात योग्य नाही. गुणांकनालाच रीतसर प्रशिक्षण आणि चाचणी लागते, पुस्तक वाचून ते येत नाही.

ज्यांना बाळाला रडवायचं नाही किंवा जिथे परक्या खोलीचा अर्थच वेगळा होतो तिथे वॉटर्स आणि डीन यांची १९८५ची क्यू-सॉर्ट पद्धत वापरतात. निरीक्षक काही तास घरी बसतो आणि ९० कार्डांवरची वर्तनाची वाक्यं या बाळाला कितपत लागू पडतात त्या क्रमाने लावतो. तिच्यात ए, बी, सी गट पडत नाहीत, आश्वस्तपणाचा एकच आकडा मिळतो.