लाकडी ढलप्यांच्या वाटेवरची बुरशी

बागेतल्या पायवाटेवर लाकडाच्या ढलप्या अंथरल्या की काही महिन्यांत, विशेषतः सलग पाऊस झाल्यावर, त्यांतून अळंबी डोके वर काढतात आणि झाडांना रोग लागेल या भीतीने बुरशीनाशकाची शोधाशोध सुरू होते. ही घाई अनाठायी आहे. वाटेवर उगवणारी बहुतेक बुरशी मृतोपजीवी असते. ती मेलेल्या लाकडावर जगते, जिवंत मुळांवर नव्हे.

दाताळ्याने वरचा थर थोडा बाजूला सारून पाहावा. खालच्या ढलप्या पांढऱ्या धाग्यांनी एकमेकींना अशा घट्ट बांधलेल्या असतात की एक उचलली तर सगळा गठ्ठा हातात येतो. हेच कवकजाल. त्यातला एकेक तंतू सहसा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक असतो आणि तो विकरे, म्हणजे पचन घडवणारी रसायने, सोडून लाकूड बाहेरच पचवतो. काही बुरशी लाकडाला कडकपणा देणारे लिग्निनही फोडतात, तेव्हा ढलपी फिकट आणि तंतुमय होते. काही मुख्यतः लाकडातल्या तंतूंचे सेल्युलोज संपवतात, तेव्हा ती तपकिरी होऊन चौकोनी भेगा पडत चुरते. अळंबी हे या जालाचे बीजाणू पसरवणारे अंग असल्यामुळे ते खुडले तरी बुरशी राहतेच, आणि वरून फवारलेले औषध लाकडाच्या आत पुरेसे पोहोचत नाही. मातीतल्या उपयुक्त बुरशीला मात्र त्याची झळ बसू शकते.

लाकडात नायट्रोजन फार कमी असतो, म्हणून बुरशी तो आजूबाजूच्या मातीतून ओढून घेते. ढलप्या नुसत्या वर पसरलेल्या असतील तर हा परिणाम मातीच्या पृष्ठभागापुरताच राहतो. त्या वाफ्यात खणून मिसळल्या तर रोपे पिवळी पडू शकतात.

सायथस ही बुरशी मला विशेष लोभस वाटते. तिचे जेमतेम सेंटिमीटरभर रुंदीचे पेले चिमुकल्या घरट्यांसारखे दिसतात, आत मसुरीच्या दाण्यांसारख्या बीजाणूंच्या पुड्या असतात आणि पेल्यात पडलेला पावसाचा थेंब त्या दूर उडवतो. पिवळ्या फेसासारखा पसरणारा फुलिगो तर बुरशीच नव्हे. तो श्लेष्मकवक, म्हणजे बुरशीसारखा दिसणारा पण अमीबाच्या जवळचा जीव, काही दिवसांत आपोआप वाळून जातो. खरी कटकट स्फेरोबोलसची आहे. मोहरीएवढी ही बुरशी आपली चिकट काळी गोळी उजेडाच्या दिशेने काही मीटर फेकते, आणि भिंतीवर किंवा गाडीवर बसलेले ते ठिपके सहजासहजी निघत नाहीत. त्यामुळे पांढऱ्या भिंतीलगत ढलप्यांऐवजी खडी घालणेच बरे.

बाकी वाटेसाठी दाताळे पुरेसे आहे. अधूनमधून थर उलटापालटा केला की कवकजाल तुटते आणि ढलप्या लवकर वाळतात. जाल असे तोडणे आवश्यकही आहे, कारण सुकलेले दाट जाल पाणी आत शिरू देत नाही. ढलप्या जाडसर निवडाव्यात, पाणी साचू देऊ नये, आणि तळाचा थर कुजून काळाभोर झाला की तो झाडांच्या आळ्यात टाकून वाटेवर नव्या ढलप्या घालाव्यात.

लहान मुले किंवा पाळीव प्राणी वावरत असतील तर अळंबी दिसताक्षणी हातमोजे घालून काढावीत, आणि ओळखीची वाटली तरी खाऊ नयेत. कुजक्या लाकडावर येणाऱ्या तपकिरी गॅलेरिनाचे विष यकृत निकामी करते आणि शिजवूनही नष्ट होत नाही. बरेच दिवस ढीग करून ठेवलेल्या ढलप्या उपसताना बीजाणूंची धूळ उडते, म्हणून ढीग आधी ओला करावा आणि नाकातोंडावर मास्क बांधावा. दम्याच्या रुग्णांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे.